सीमेवर छाती, सभेत मान खाली

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागच्या चौकात गाडी थांबली की नजर आपोआप वर जाते. कुणाचा तरी वाढदिवस असतोच. 'ढाण्या वाघ', 'डॅशिंग दादा', 'नाद करायचा नाही'. डोळ्यांवर गॉगल, मिशीवर हात, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो दाटीवाटीनं चिकटवलेले. फलक बदलतात, चेहरे बदलतात, सांगितलेला गुण एकच: हा गडी कुणाच्या बापाला भीत नाही. गड्यानं वर्षभरात काय काम केलं ते क्वचितच लिहिलेलं असतं. बहुधा तेवढी जागा उरत नसावी.

न भिणारा तो पुढारी, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यावर वाद घालायलाही कुणी जात नाही. मला तो घालायचा आहे. न भिणारा पुढारी ही या दोन जिल्ह्यांची गरज नाही. ज्याच्यासमोर लोकांना भ्यावं लागत नाही असा पुढारी, ही गरज आहे. या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि पहिल्याच्या नादात दुसरा आपल्या हातून निसटत चाललाय.

आधी एक कोडं. सातारा जिल्ह्याच्या शौर्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. अपशिंगे गावाला लोक सरळ 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना ज्यांनी एके-४७ ची नळी धरून ठेवली ते तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंबे गावचे. मागं गेलं तर ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेला मोर्चा, त्यावरचा गोळीबार आणि नऊ हुतात्मे. असल्या मुलखात सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत एक साधा प्रश्न विचारायला माणूस उठत नाही. हे कसं?

सप्टेंबर उजाडला की या सभांचा हंगाम सुरू होतो, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घेणं सहकारी संस्थांना बंधनकारक आहे. मांडव पडतो, जीपगाड्या भरून माणसं येतात, पुढच्या रांगा सकाळीच धरलेल्या असतात. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय वाचायला सुरुवात झाली न झाली तोच पुढून आरोळी येते, 'मंजूर, मंजूर!' दुसरा विषय, मंजूर. ताळेबंद, मंजूर. मागं उभा असलेला एखादा सभासद अहवालाची घडी केलेली प्रत हातात घेऊन काही विचारू बघतो. उपपदार्थांच्या उत्पन्नाचं असेल, वजनकाट्याचं असेल. माईक त्याच्यापर्यंत पोचत नाही. शेजारचा त्याच्या सदऱ्याला धरून खाली ओढतो: 'बस की गप. नोव्हेंबरात तोडणीला टोळी कोण देणार तुला?' सगळीकडं असंच चालतं असं नाही, तासन्‌तास प्रश्नोत्तरं होणाऱ्या सभाही आहेत. पण वरचं चित्र वाचून ज्याला नवल वाटेल असा ऊस उत्पादक या भागात सापडणं कठीण.

तो शेजारी भित्रा नाही. त्याचा हिशेब अगदी चोख आहे. आडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा असतो. तोडणीची पाळी लांबली, उसाला तुरा आला, की वजन घटायला लागतं. उशीर झाला तर खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, मागं पडतो, पुढच्या पिकाचं पाणी चुकतं. आणि तोड कधी मिळणार हे कागदावर लागणीच्या नोंदीवरून ठरत असलं, तरी तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, चिटबॉयच्या, हातात थोडं इकडं-तिकडं करण्याइतपत सवड असतेच. सभा सप्टेंबरात, गाळप हंगाम त्यानंतर लगेच. सप्टेंबरातल्या प्रश्नाची शिक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात फडात मिळू शकते. मिळतेच असं नाही, पण मिळू शकते एवढं माहीत असणं पुरेसं आहे. धाक कायम ठेवायला तो रोज वापरावा लागत नाही.

सैनिकाच्या धाडसामागं काय काय उभं असतं ते बघा: वर्षांचं प्रशिक्षण, शेजारी पलटण, घरी पेन्शन, मेला तर गावाच्या वेशीवर कमान. यानं त्याचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. पण तोच जवान सुट्टीवर आला आणि चुलत्याबरोबर सभेला गेला तर तोही गप्प बसतो, कारण तिथं त्याच्या पाठीशी काहीच नसतं. धाडस रक्तात असतं ही आपली लाडकी समजूत इथं उघडी पडते. रक्त तेच आहे, माणूस तोच आहे. बदललेलं आहे ते बोलण्याची किंमत किती आणि ती कोण चुकवणार, एवढंच.

आता भीतीची बाजू घेतो, कारण फलकांवर तिला फारच बदनाम केलंय. सांगलीत पावसाळ्यात घरोघरी एकच प्रश्न असतो: 'आयर्विनला किती?' कृष्णेवरच्या १९२९ च्या त्या आयर्विन पुलाजवळचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका. ही मोजपट्टी म्हणजे आकड्यात मांडलेली भीतीच की. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं, आणि ती खूण नदीकाठच्या लोकांनी मनात पक्की कोरून ठेवली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा अनेक घरांत बोलणं एकच: 'दोन हजार पाचला उंबऱ्यापर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही.' ते ५७ फुटांच्या वर गेलं. लोक माळ्यावर, गच्चीवर अडकले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. 'आम्ही नाही भीत पाण्याला' हे वाक्य त्या दिवसांत शौर्याचं नव्हतं. ते भीतीकडं न बघण्याचं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या घरात गेलं, पण या वेळी माणसांनी जनावरांसकट आधीच घरं सोडायला सुरुवात केली होती. माणसं भ्यायला शिकली होती, आणि वेळेवर.

इथं पुढाऱ्याची खरी परीक्षा वेगळीच असते. गाव रिकामं करा म्हणायचं आणि पाणी आलंच नाही तर हसं होईल, पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही, विरोधक चावडीवर टिंगल करतील. पुराच्या पाण्यात उडी मारून फोटो काढून घेणं यापेक्षा सोपं आहे. आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर उभं राहून 'मला भीती वाटतेय, निघा' असं म्हणणं अवघड. या वाक्याला टाळ्या नाहीत. फलकावरही ते शोभणार नाही.

कोयनेची गोष्ट याहून मोठी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं दगावली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. खाली सगळा कऱ्हाड-सांगलीचा पट्टा. धरण फुटल्याच्या अफवांनी माणसं रातोरात डोंगराकडं पळाल्याच्या आठवणी आजही जुनी माणसं सांगतात. त्या वेळी 'काही होत नाही, आपलं धरण भक्कम आहे' असं म्हणून छाती पुढं काढणारा एखादा असता तर तो लोकप्रिय झाला असता. अभियंत्यांनी तसं केलं नाही. तडे भरले, भिंत केबलांनी ताणून बांधली, मागच्या अंगानं काँक्रीटचं पाठबळ दिलं, परिसरात भूकंपमापक यंत्रांचं जाळं वाढवलं. त्या खोऱ्यात आजही धक्के बसतात आणि त्यांची नोंद होते. १०५ टीएमसीचं ते पाणी गेली पन्नास-पंचावन्न वर्षं भीती झटकून टाकणाऱ्यांनी राखलेलं नाही. भीती मोजणाऱ्यांनी राखलं.

मग माणसानं आपल्या भीतीचं करायचं काय? बाजारात याचं एक तयार उत्तर विकायला आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं भरतात. कुठं दोरीवरून दरी ओलांडायची, कुठं रात्री निखाऱ्यांवरून चालायचं. चाललात की तुमची भीती गेली, उद्यापासून तुम्ही नेते. निखाऱ्यांचं गुपित साताऱ्याच्या माणसाला तरी कुणी सांगायला नको. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी ते चौकाचौकात उलगडून दाखवलंय: राख धरलेला कोळसा उष्णता हळू देतो, पाय क्षणभरच टेकतो, भरभर चाललं की कुणालाही जमतं. त्यात ना देव, ना आत्मबळ. माझी तक्रार भौतिकशास्त्राची नाहीच. शनिवारी निखारे तुडवून आलेला मॅनेजर सोमवारी साहेबांना 'हा आकडा चुकीचा आहे' असं म्हणू शकतो का? त्याची ती भीती जशीच्या तशी जागेवर असते, कारण तिला कुणी हातच लावलेला नसतो.

भीती कशी कमी होते हे मानसशास्त्रानं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेनं सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलाला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. मग जरा जवळ. मग आणखी जवळ. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. उपचारांच्या पुढच्या कितीतरी पद्धती याच वाटेनं गेल्या. यातलं मर्म असं की भीतीपासून पळ काढला की ती वाढते, कारण पळाल्यावर जो हायसेपणा वाटतो तोच पुढच्या वेळी पळायला शिकवतो. आणि एकदम अंगावर घेतली तरी ती जातेच असं नाही. जवळ जावं लागतं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि सोबत काहीतरी सुखाचं, आधाराचं असावं लागतं. ज्या गोष्टीची भीती आहे तिच्याच जवळ जावं लागतं, हे तर आलंच.

बोलायची भीती असेल तर ग्रामसभेसारखी जागा नाही. वर्षाला चार तरी व्हाव्यात असा नियम, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी अशीही तरतूद. कायदा करणाऱ्यानं मानसशास्त्र वाचलं असेल-नसेल, पण त्यानं पायरी बरोबर ओळखली: आधी आपल्या माणसांत बोल, मग सगळ्यांत. प्रत्यक्षात बरेचदा ती महिला सभा रजिस्टरवरच होते, सह्या घरोघरी फिरून गोळा केल्या जातात. पण जिथं खरोखर होते तिथला फरक मी पाहिलाय.

तासगाव तालुक्यातलं द्राक्षपट्ट्यातलं एक गाव. सभा मराठी शाळेच्या व्हरांड्यात. बायका एका बाजूला, सतरंजीच्या कडेला. चाळिशीतल्या एक बाई उठल्या, उजव्या हाताच्या मुठीत वहीचा फाडलेला कागद, डाव्या हाताला पदराच्या काठाचा पीळ. तो पीळ बोलणं संपेपर्यंत सुटला नाही. 'मागच्या बैठकीत पाण्याच्या मोटरीच्या दुरुस्तीचा ठराव झालेला. त्याचं बिल बघायचंय.' एवढंच. सरपंचबाई खुर्चीवर होत्या; उत्तर त्यांच्या मालकांनी दिलं, ते शेजारीच बसलेले. 'वहिनी, बसा तुम्ही, बघू की नंतर.' हशा पिकला. बाई बसल्या नाहीत. आवाज कापत होता, पण शब्द सरळ आले: 'बसतो की. आदी लिवून घ्या, मग बसतो.' मागून दुसरी एक म्हणाली, 'लिवा ओ, काय हुतंय?' मग तिसरी. ग्रामसेवकांनी खिशातून पेन काढलं आणि प्रोसिडिंगच्या वहीत ओळ लिहिली. बिलात काही काळंबेरं निघालं नाही, ते व्यवस्थितच होतं. पण पुढच्या सभेत बिलांची फाईल न मागता टेबलावर आली.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बाईंची भीती गेलेली नव्हती, पदराचा पीळ साक्षीला होता. आणि त्या एकट्या नव्हत्या. आदल्या बायकांच्या सभेत हाच प्रश्न त्यांनी बोलून पाहिला होता, मागच्या दोघींना तो पाठ होता.

म्हणून 'भीती सोडा, पुढं या' हा उपदेश मला नकोसा वाटतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरात पगार येतो, त्यानं तो करणं सोपं असतं. मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून आलेल्या ऊसतोड मजूर बाईला, शाळेत कंत्राटावर शिकवणाऱ्या पोराला, पतसंस्थेच्या कर्जावर दुकान उभं केलेल्याला तो करणं म्हणजे त्याच्या अडचणीला त्याचाच दोष म्हणणं. त्यांच्या भीतीला खरीखुरी कारणं आहेत, आणि ती कारणं ज्यांच्या हातात आहेत त्यांनी ती काढायला हवीत. नेतृत्वाचं काम इथं सुरू होतं.

यावर एक आक्षेप ठरलेला: 'वचक पाहिजेच. वचकाशिवाय ही माणसं ऐकत नाहीत.' गावच्या तालमीपासून कारखान्याच्या केबिनपर्यंत सगळीकडं हे ऐकू येतं, आणि याला इतिहासाचाही टेकू दिला जातो. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इंग्रजांची भीती घालवली, पण गुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर फटके देऊन त्यांच्यात दहशतही बसवलीच ना? बसवली. ते नाकारून इतिहास गोड करण्यात अर्थ नाही. पण ते भूमिगत राज्य चार वर्षं तगलं ते फटक्यांच्या बळावर नाही. शेकडो घरांनी रात्री-अपरात्री दार उघडलं, भाकरी दिली आणि सकाळी पोलिसांसमोर तोंड मिटून घेतलं, म्हणून तगलं. त्या आयाबायांना प्रतिसरकारचा वचक नव्हता. विश्वास होता.

शिवाय वचकाचा एक तोटा असा की तो वचक ठेवणाऱ्यालाच आंधळा करतो. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेनं रुग्णालयांतल्या पथकांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या पथकात चुका कमी असतील असं तिला वाटलं होतं. आकडे उलटे आले: चांगल्या पथकांच्या नोंदीत चुका जास्त! नीट पाहिल्यावर उलगडा झाला. तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. जिथं मुख्य परिचारिकेचा धाक, तिथं त्या दडपल्या जात. आपल्याकडच्या पतसंस्था आठवून बघा. बुडीत कर्जं आधी शाखेतल्या कारकुनाला दिसतात, मग वसुली अधिकाऱ्याला, आणि सगळ्यात शेवटी चेअरमनना, तेही बाहेर ठेवीदारांची रांग लागल्यावर. चेअरमनचा वचक मात्र शेवटपर्यंत चांगला असतो.

पुढाऱ्यानं स्वतःच्या भीतीला सामोरं जायचं म्हणजे काय, हेही यातून निघतं. त्याची खरी भीती वाघाची नसते, विरोधकाचीही नसते. ती आपल्याच माणसासमोर 'मला माहीत नाही' म्हणण्याची असते, भर सभेत उघडं पडण्याची असते. व्यासपीठावर बसून एखाद्या फाटक्या सभासदाचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकणं, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगणं आणि आठवड्यात ते लेखी देणं, याला जे लागतं ते फार थोड्यांकडं असतं. ज्याला हे एकदा जमलं त्याला पुढच्या वेळी पुढच्या रांगेत 'मंजूर' ओरडणारी पोरं बसवावी लागत नाहीत. यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्लेल्या देशाचे संरक्षणमंत्री झाले तेव्हा देवराष्ट्र्याच्या या माणसापुढं दुखावलेलं सैन्य होतं. सेनापतींवर डाफरून मर्दानगी दाखवणं तेव्हा सगळ्यात सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही, सैन्याची बांधणी नव्यानं करण्याच्या कामाला लागले.

शाळेत तरी हे सुरू करता येईल. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत पोरं पाठ केलेलं भाषण हातवारे करून म्हणतात, बक्षीस घेतात, आणि वर्गात गणित समजलं नाही हे सांगायला तीच पोरं घाबरतात. पोरानं सगळ्यांसमोर एक खरा प्रश्न विचारावा, मास्तरांनी तो टाळू नये, एवढं आठवड्यातून एकदा झालं तरी मला ते ढाल-तलवारीच्या पोवाड्याहून जास्त वाटेल. ग्रामसभेत सरपंचबाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरपंचबाईंनीच द्यावं, शेजारची खुर्ची रिकामी असावी. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत; निम्मा आवाज अजून यायचाय.

पण सगळ्यात आधी हात घालायचा असेल तर तो तोडणीच्या यादीला घालावा. सभासदाची भीती भाषणानं जाणार नाही, त्याच्या उसाची तारीख कुणाच्या मर्जीवर नाही हे त्याला दिसलं तर जाईल. लागणीची नोंद, जात, गट नंबर आणि त्यावरून ठरलेली तोडणीची पाळी अशी गाववार यादी वार्षिक सभेच्या आधी चावडीवर आणि मोबाईलवर लावावी. पाळी मागं-पुढं झाली तर कारण त्याच यादीत लिहावं. याला नवीन कायदा लागत नाही, वेगळा पैसाही लागत नाही. नोंदी आजही कारखान्याच्या संगणकात आहेत. जो अध्यक्ष हे सप्टेंबरात करून दाखवेल त्याच्या सभेत गोंधळ होईल, ताळेबंदावर तासभर वाद होईल, दोन-चार प्रश्न वेडेवाकडेही येतील. त्याच्या वाढदिवसाचा फलक लावायचाच असेल तर मग लावा.